पंधरा दिवसांसाठी की कायमचं

अमेरिकेला पंधरा दिवसांसाठी जाणं आणि अमेरिकेला कायमचं जाणं, ही दोन कामं एकाच माणसाने एकाच उन्हाळ्यात अंगावर घेऊ नयेत. मी घेतली. म्हणजे एक मी घेतलं, आणि दुसरं एकवीस वर्षांपूर्वी माझ्या नावावर कुणीतरी घेऊन ठेवलं होतं, याचा मला विसर पडला होता.

सुरुवात झाली बेर्ताताईच्या फोनने. बेर्ताताई ही माझी थोरली बहीण. कॅलिफोर्नियात स्टॉक्टन नावाच्या गावी नर्स आहे. इकडे फिलिपिन्समध्ये, आमच्या लिपा गावी, रविवारची सकाळ होती, मी नेहमीप्रमाणे गरम भातावर कॉफी ओतून सुक्या माशाबरोबर खात बसलो होतो.

"अन्सो, क्लारिसचं लग्न ठरलंय. चौदा जून. तिला वेदीपर्यंत तू न्यायचंस."

घास हातातच राहिला. चर्चमध्ये नवरीला हाताशी धरून वेदीपर्यंत नेणं हे बापाचं काम. क्लारिस ही ताईची लेक, आणि तिचे वडील सहा वर्षांपूर्वी गेले. आणि ही क्लारिस तीन वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून लिपाचा सगळा बाजार फिरायची, माझे कान लगामासारखे ओढत. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा खांद्यावर बसलेलं, कान ओढणारं एवढं एकच लेकरू माझ्या खात्यावर जमा आहे.

"येतो," मी म्हटलं. लुनिंगला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलंसुद्धा नाही.

लुनिंगची बेकरी आहे. जूनमध्ये शाळा-कॉलेजांच्या ऑर्डरी असतात, त्यामुळे ती येणार नव्हती. पण आनंद तिलाही झाला. "जा तू. सव्वीस वर्षं पोरांना जगाचा नकाशा दाखवतोयस, एकदा प्रत्यक्ष बघून ये, बरोबर आहे का ते," ती म्हणाली. हे जरा लागलं, पण खरं होतं. मी भूगोलाचा शिक्षक. मिसिसिपीच्या उपनद्या मला झोपेतून उठवून विचारा. विमानाने मात्र मी फक्त सेबूपर्यंत गेलेलो, शिक्षकांच्या संमेलनाला, आणि तेव्हाही खिडकीची जागा मुख्याध्यापिकांना मिळाली होती.

त्याच दिवशी दुपारपर्यंत आळीला बातमी कळली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. लुनिंगने फक्त पावाबरोबर सांगितलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला.

पहिले आले इस्कोकाका. इस्को मकातांगाय हे आमच्या शेजारचे निवृत्त दर्यावर्दी. बेचाळीस बंदरं पाहिलेली, त्यामुळे परदेशाबद्दलचं कोणतंही मत ते बंदरावर नांगर टाकावा तसं टाकतात आणि मग ते हलत नाही. त्यांच्या मागोमाग समोरच्या डोराताई आल्या. त्या पियानो शिकवतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी त्यांना चार वेळा नकार मिळालाय, म्हणून आळीत त्या या विषयातल्या तज्ज्ञ मानल्या जातात. चार वेळा नापास झालेल्या मुलाला परीक्षेची जेवढी माहिती असते तेवढी पहिल्या नंबरवाल्याला नसते, हे मीही शिक्षक म्हणून मान्य करतो.

"हे बघ अन्सेल्मो," इस्कोकाका म्हणाले, "त्या देशाला दोन दारं आहेत. एक पाहुण्यांचं, एक राहायला जाणाऱ्यांचं. पाहुण्यांच्या दारात सिद्ध करायचं की मी नक्की परत जाणार. राहणाऱ्यांच्या दारात सिद्ध करायचं की मी नक्की राहणार. एका दाराचा पुरावा दुसऱ्या दारात दाखवलास की संपलं."

"आणि पाहुण्यांच्या दारात," डोराताई म्हणाल्या, "ते आधीपासूनच धरून चालतात की तू परत येणार नाहीस. तू चोर नाहीस हे तूच दाखवायचं."

"मी परत येणारच आहे. माझी नोकरी आहे, घर आहे, बायको आहे."

"बायको नेऊ नकोस," इस्कोकाका म्हणाले. "बायको तारण ठेवायची. मुलं असती तर आणखी बरं झालं असतं." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते कॉफीच्या कपात बघत बसले. लुनिंगने त्यांच्यापुढे आणखी एक पाव ठेवला.

अर्ज भरायचा होता संगणकावर. त्याला आधी फोटो लागतो. बाजारातल्या फोटोवाल्याने माझा फोटो काढला आणि दहा मिनिटांनी जो फोटो हातात दिला त्यात मी काळा कोट आणि लाल टाय घालून बसलो होतो. मी गेलो होतो बनियनवरच्या साध्या सदऱ्यात.

"हा कोट कुणाचा?"

"संगणकाचा, सर. सगळ्यांना घालतो. तुमच्या गालावरचे डागपण काढलेत, त्याचे पैसे नाहीत घेतले."

डागांबरोबर त्याने माझ्या चेहऱ्यावरची वीसेक वर्षंही काढली होती. फोटो अर्जात चढेना. दुसऱ्या फोटोत चष्मा राहिला, तिसऱ्यात मी हसलो, चौथ्यात मी इतका हसलो नाही की लुनिंग म्हणाली, हा फोटो पाहून मीसुद्धा व्हिसा देणार नाही. पाचवा चढला.

मग प्रश्न सुरू झाले. आजवर कुठल्या देशाने हाकलून दिलंय का, हेरगिरी करायचा विचार आहे का, दहशतवाद्यांना पैसे पुरवलेत का. आमच्या शाळेत खडू शिक्षकाने स्वतः आणायचा असतो. सगळीकडे 'नाही' लिहीत मी मोठ्या तोऱ्यात पुढे चाललो होतो, आणि एका प्रश्नाशी येऊन थांबलो. तुम्ही अमेरिकेत कायमचं राहावं यासाठी कुणी कधी अर्ज केला आहे का?

केला होता. बेर्ताताईने. ती तिकडची नागरिक झाली आणि पहिल्याच महिन्यात तिने भावासाठी अर्ज भरला. भावंडांचा वर्ग म्हणून एक वर्ग असतो आणि त्याची रांग एवढी लांब असते की आमच्यासारख्यांना वीस-वीस वर्षं लागतात. त्या वेळी मी एकतीस वर्षांचा होतो, डोक्यावर केस होते, आणि वीस वर्षं ही मला पृथ्वीच्या उत्पत्तीसारखी भूगोलातली गोष्ट वाटली होती. सही करून मी विसरून गेलो.

आता आळीत दोन पक्ष पडले.

"नाही लिही," डोराताई म्हणाल्या. "हो लिहिलंस की त्यांना कळणार तुला राहायचंय. पहिल्याच मिनिटाला बाहेर."

"आणि नाही लिहिलं तर खोटं बोललास म्हणून जन्मभर बाहेर," इस्कोकाका म्हणाले. "कागद त्यांच्याकडेच पडलाय ना."

हा वाद बेकरीत तीन दिवस चालला. त्या तीन दिवसांत पावाचा खप वाढला, एवढा एकच फायदा. शेवटी मी 'हो' लिहिलं. खरं सांगायचं तर तत्त्व वगैरे नव्हतं. खोटं लिहायला गेलो की माझ्याकडून हमखास भलतीच कळ दाबली जाते.

मुलाखतीची तारीख मिळाली ती एकवीस मे. आता परत येण्याचे पुरावे जमवायचे. डोराताईंनी यादी दिली: घराचे कागद, बँकेचा दाखला, धर्मगुरूंचं पत्र, आणि सगळ्यात वजनदार म्हणजे शाळेचं पत्र. शाळेच्या पत्रासाठी मी विल्यापांदो बाईंकडे गेलो. सेबूच्या विमानातल्या खिडकीवाल्या त्या याच. 'अमेरिका' हा शब्द ऐकताच त्यांनी रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं: 'श्री. अन्सेल्मो दिमायुगा यांनी सव्वीस वर्षे या संस्थेची निष्ठेने सेवा केली. त्यांची उणीव आम्हांस सदैव भासेल. त्यांच्या नव्या आयुष्यास शुभेच्छा.'

"बाई, हे तर मी मेल्यावर वाचायचं पत्र आहे," मी म्हटलं. "मी पंधरा दिवसांनी परत येणार आहे, तसं लिहून हवंय."

"म्हणजे मी चुकीचं लिहिलं?"

"चुकीचं नाही. लवकर लिहिलं."

त्या दुखावल्या. नवं पत्र त्यांनी माझ्यासमोरच टाइप केलं आणि घडी घालून पाकिटात दिलं. घरी येऊन उघडलं. 'श्री. दिमायुगा हे नक्की परत येतील. त्यांच्या वयाचा व पात्रतेचा विचार करता त्यांना इतरत्र कोठेही नोकरी मिळण्याची शक्यता आम्हांस दिसत नाही.'

इस्कोकाकांना हे पत्र फार आवडलं. पुरावा म्हणून याला तोड नाही, असं ते म्हणाले. मी ते फाइलच्या अगदी तळाशी ठेवलं.

आणि मग, मुलाखतीला दोन आठवडे राहिले असताना, बेर्ताताईचा फोन आला. ती रडत होती. वाटलं, लग्न मोडलं.

"अन्सो, नंबर लागला. आपला नंबर लागला रे. एकवीस वर्षांनी पत्र आलं. तू आणि लुनिंग, दोघंही. कायमचे."

त्या क्षणी मला नेमकं काय वाटलं हे मला आजही सांगता येणार नाही. आनंद झाला, हे नक्की. एवढी लांब रांग संपते, हाच मोठा चमत्कार होता. पण त्या आनंदाला हातपाय फुटेनात. मी फोनवर "वा, वा," एवढंच म्हणत राहिलो आणि समोर लुनिंग पिठाचे हात एप्रनला न पुसता तशीच उभी होती.

"ताई, मग लग्नाला मी या नव्या दाराने येऊ?" मी विचारलं.

"वेडा आहेस का? त्याला कागदपत्रं, दवाखान्याची तपासणी, सगळं मिळून वर्ष जाईल. लग्नाला पाहुणा म्हणूनच ये. मग परत जा. मग कायमचा ये."

म्हणजे मला वकिलातीत जाऊन छातीवर हात ठेवून सांगायचं होतं की मी नक्की परत येणार, आणि त्याच वेळी त्यांच्याच एका कपाटात माझ्या नावाने कायमचं येण्याचं आमंत्रण पडलेलं असणार होतं.

आळीने माझा निर्णय होण्याची वाट पाहिली नाही. शनिवारी अंगणात मोठं पातेलं चढलं, जाड शेवयांची लोमी शिजली, अख्खं डुक्कर भाजलं गेलं. दोन माडांच्या मध्ये कापडी फलक लागला: 'अन्सेल्मो आणि लुनिंग, सुखाने जा.' धर्मगुरूंनी जेवणाआधी प्रार्थना म्हटली, ती इतकी करुण होती की मला स्वतःचीच आठवण यायला लागली. डोराताईंनी विचारलं, तुमच्या मागच्या अव्होकाडोच्या झाडाचं काय करणार? इस्कोकाकांनी आमच्या सोफ्यावर बसून दोनदा उसळून पाहिलं. एका बाईंनी तर आमच्या कुत्र्याला आपण ठेवलेल्या नव्या नावाने हाक मारून पाहिली, आणि तो हरामखोर गेला.

"अहो, मी पंधरा दिवसांसाठी चाललोय," मी प्रत्येकाला सांगत होतो.

"हो, हो," प्रत्येकजण डोळा मारत म्हणत होता. "मुलाखतीत अस्संच बोल."

सगळे गेल्यावर लुनिंग भांडी घासता घासता म्हणाली, "एक विचारू? तू स्वतः कुठल्या वर्गात आहेस?"

"म्हणजे?"

"पाहुण्यांच्या की राहणाऱ्यांच्या?"

"तुला काय हवंय?"

"माझी भट्टी आहे इथे. पण तुझी बहीण आहे तिथे. मी तुला अडवणार नाही आणि ढकलणारही नाही. फक्त त्या खिडकीत उभा राहशील तेव्हा तुला माहीत असू दे."

एकवीस तारखेला आम्ही मनिलाला गेलो. लुनिंग बाहेर झाडाखाली छत्री घेऊन थांबली, मी फाइल घेऊन आत. फाइल चांगली वीतभर जाड होती. रांगेत माझ्यापुढे एक सुटाबुटातला गृहस्थ होता, त्याला दीड मिनिटात नकार मिळाला. त्याचा कोट खरा होता.

खिडकीत एक तरुण, तांबड्या केसांची बाई होती. तिने माझ्याशी आमच्या भाषेतच बोलायला सुरुवात केली.

"नमस्कार. तुम्ही अमेरिकेला कशाला जातो?"

"जाता," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही अमेरिकेला कशाला जाता. 'तुम्ही' आलं की 'जाता'."

शब्द तोंडातून निघाले आणि मला वाटलं, संपलं. सव्वीस वर्षांची सवय, दुसऱ्याच्या देशाच्या दारात उभी राहून व्याकरण शिकवतेय. तिने मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. नकारच लिहिला असणार असं मी धरून चाललो.

"कशाला जाता?" तिने पुन्हा विचारलं, या वेळी बरोबर.

"भाचीचं लग्न आहे. तिला वडील नाहीत. वेदीपर्यंत मी नेणार."

तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "तुमच्या बहिणीने तुमच्यासाठी कायमच्या राहण्याचा अर्ज केलाय. एकवीस वर्षांपूर्वी. आता नंबरही लागलाय."

"हो."

"मग मी तुम्हाला पाहुणा म्हणून सोडलं, तर तुम्ही तिथेच राहणार नाही कशावरून?"

मी फाइल उचलून खिडकीशी धरली. "इथे घराचे कागद आहेत, बँकेचा दाखला आहे, शाळेचं..."

"कागद नकोत. तुम्ही सांगा."

डोराताईंनी उत्तर पाठ करून घेतलं होतं. ते आठवेना. मला आठवली आमच्या कुत्र्याला हाक मारणारी बाई, आणि खरं म्हणजे थोडा रागच आला. आपणच शिकवलेल्या पोराने आपल्याला, कॉपी केली का, असं विचारावं, तसा.

"बाई," मी म्हटलं, "ज्याला रांग मोडून घुसायचं असतं तो एकवीस वर्षं रांगेत उभा राहत नाही. तो दुसऱ्या वर्षीच कुणाच्या तरी लग्नाला जातो आणि राहतो. माझा नंबर आता लागलाय. मला राहायचंच असेल तर पुढच्या वर्षी मी तुमच्या त्या दुसऱ्या खिडकीतून ताठ मानेने येईन. पंधरा दिवसांसाठी एकवीस वर्षांवर पाणी कोण सोडेल?"

"आणि पुढच्या वर्षी येणार का?" तिने विचारलं.

"ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बायको बाहेर झाडाखाली आहे, तिलाही माहीत नाही."

ती हसली. पासपोर्ट तिने परत दिला नाही, स्वतःकडेच ठेवला. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला, हे मला डोराताईंनीच शिकवलं होतं. त्यांना स्वतःला तो चारही वेळा परत मिळाला होता.

बाहेर येऊन मी लुनिंगला भर रस्त्यात उचललं. ती चौसष्ट किलोची आहे. कमरेत जी कळ आली ती कॅलिफोर्नियापर्यंत सोबत आली.

लग्न झालं. चौदा जूनला क्लारिसचा हात माझ्या हातात होता आणि मी एकतीस पावलं चाललो. आदल्या दिवशी मोजून ठेवली होती. अर्ध्यावर ती पुटपुटली, "मामा, हळू चाल, कुणी तुझा पाठलाग करत नाहीये." मी हळू झालो. वेदीपाशी तिचा हात सोडायची वेळ आली तेव्हा तिने तोच हात वर नेऊन माझा कान हलकेच ओढला. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण पकडला, आणि त्यात माझं तोंड असं काही झालंय की तो फोटो कुठल्याही देशाच्या अर्जाला चालणार नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बेर्ताताईच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. तिने एक खोली रंगवून ठेवली होती, आमच्यासाठी. पडदेसुद्धा लावले होते.

"कधी येताय?" तिने विचारलं.

मी विमानात, चर्चमध्ये, अंघोळ करताना याच प्रश्नाचा विचार केला होता. "ताई, मी नाही येणार."

तिने गॅस बंद केला. "एकवीस वर्षं, अन्सो."

"माहीतय."

"तुला काय माहीत? रांगेत तू नव्हतास उभा. तू लिपात पोरांना उपनद्या शिकवत होतास. रांगेत मी उभी होते. दर महिन्याला मी बघायचे, तारीख किती सरकली. हे गेले त्या आठवड्यातसुद्धा बघितली."

वकिलातीच्या खिडकीत ज्या एकवीस वर्षांच्या जोरावर मी एवढा ताठ उभा होतो, ती वर्षं माझी नव्हतीच. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला मात्र माझ्या आवडीचंच करत होती, आणि ते मुकाट्याने गिळणं बोलणी खाण्यापेक्षा कठीण होतं.

विमानतळावर ती शेवटी म्हणाली, "तो अर्ज केला ना, त्या वर्षी मला इथे करमत नव्हतं. तुला बोलावून घ्यावं असं वाटलं, इतकंच. तुला यायचंय का, हे मी विचारलंच नव्हतं."

"आणि मी न वाचता सही केली," मी म्हटलं. दोघंही हसलो, आणि मग ती रडली.

पंधराव्या दिवशी मी लिपात परतलो. आळीला आनंद झाला, पण थोडा हिरमोडही झाला हे मला दिसलं. विल्यापांदो बाईंनी माझ्या जागी नेमलेला तरुण माझ्या वर्गात मिसिसिपीच्या उपनद्या शिकवत होता, त्यातल्या दोन चुकीच्या. अर्ज पुढे चालवायचा नाही, असं मी रीतसर कळवून टाकलं.

डिसेंबरात बेर्ताताई निवृत्त झाली आणि इकडे आली. आमच्या देशात जन्मलेल्यांना, पुढे कुठल्याही देशाचे नागरिक झाले तरी, विमानतळावर वर्षभर राहण्याचा शिक्का मिळतो, त्याला अर्ज नाही की मुलाखत नाही. ती दोन मोठ्या बॅगा घेऊन बाहेर आली तेव्हा वैतागलेली होती.

"काय झालं?"

"तो शिक्का मारणारा पोरगा विचारतो, किती दिवस राहणार? मी म्हटलं, बघू. तर म्हणतो, बघू असं नाही लिहिता येत, मावशी."

"मग?"

"मग त्यानेच वर्ष लिहिलं."

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली, बॅग उघडली आणि कॉफीचे, मसाल्यांचे, गोळ्यांचे डबे काढून ओट्यावर मांडायला लागली. डबे संपेनात. लुनिंगने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा डब्यांकडे, मग स्टूल ओढलं आणि फडताळाचा वरचा कप्पा रिकामा करायला घेतला.

"एक पुरेल का, ताई," तिने वरून विचारलं, "की दोन काढू?"

"दोन काढ," बेर्ताताई म्हणाली.